मिडी गिटारचा स्वर उशिरा का येतो आणि मींड का तुटते

फोंडा तालुक्यातल्या उत्सवी नाटकांना गिटारची साथ करताना आलेल्या अडचणी तुम्ही सविस्तर लिहिल्या आहेत. त्या थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. तुम्ही आपल्या इलेक्ट्रिक गिटारवर प्रत्येक तारेचे कंपन वेगळे टिपणारा पिकअप बसवला आहे, तो कंपनाचे मिडीच्या, म्हणजे वाद्ये आणि संगणक यांच्यातल्या सूचनांच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या रूपांतरकामार्फत यूएसबीने लॅपटॉपला जोडला आहे, आणि सॉफ्टवेअरमधली बासरी, सारंगी व पेटी गिटारवरून वाजवण्याचा तुमचा प्रयत्न आहे. तक्रारी तीन आहेत: स्वर उशिरा येतो, न वाजवलेले स्वर मध्येच उमटतात, आणि मींड घेतली की ती पायऱ्यापायऱ्यांनी चढते. ओळखीच्या एकाने बटणांची प्लास्टिकची मिडी गिटार देऊ केली आहे, तेव्हा पिकअप काढून ती घ्यावी का, असे तुम्ही विचारले आहे.

मी म्हापशाला राहतो आणि नाटकांचे पार्श्वसंगीत व ध्वनिमुद्रण यांसाठी गेली १८ वर्षे अशी वाद्ये वापरत आलो आहे. माझे उत्तर असे की, एवढ्यात काहीही बदलू नका. तुमच्या तिन्ही तक्रारी एकाच दोषाच्या वाटत असल्या तरी त्यांची कारणे वेगवेगळी आहेत. त्यांतला फक्त एक भाग निसर्गनियमाने ठरलेला आहे, बाकीचा सेटिंगमध्ये, तारांमध्ये आणि हाताच्या सवयीत आहे. किती फरक पडेल हे मात्र तुमचा रूपांतरक किती जुना आहे, लॅपटॉप कोणता आहे आणि तुम्ही कोणत्या लयीत वाजवता यांवर अवलंबून राहील, हे आधीच सांगून ठेवतो.

सुरुवात मुळापासून करू, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर उभे आहेत. मिडीच्या तारेतून आवाज जात नाही, सूचना जातात. १९८३ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध झाली तेव्हा ती प्रामुख्याने पट्ट्यांच्या वाद्यांसाठी आखलेली होती. अमुक क्रमांकाचा स्वर सुरू झाला, इतक्या जोराने दाबला गेला, आता बंद झाला, एवढेच ती सांगते. स्वरांना ० ते १२७ असे क्रमांक आहेत, आणि जोरालाही, ज्याला आपण व्हेलॉसिटी म्हणतो, तेवढेच अंक आहेत. गिटारच्या मोकळ्या तारा जाडीपासून बारीकीकडे ४०, ४५, ५०, ५५, ५९ आणि ६४ या क्रमांकांच्या आहेत. कीबोर्डवर पट्टी दाबली की तिच्याखालचा स्विच मिटतो आणि क्रमांक तत्क्षणी कळतो. गिटारच्या तारेखाली असा स्विच नसतो. तिथे रूपांतरकाला तारेचे कंपन ऐकून कोणता स्वर वाजला हे ताडावे लागते, आणि ताडण्यासाठी त्याला थोडे ऐकावेच लागते.

किती ऐकावे लागते याचा हिशेब साधा आहे. जाड तारेचा मोकळा स्वर सेकंदाला सुमारे ८२.४ कंपनांचा असतो, म्हणजे त्याच्या एका कंपनाला १२.१ मिलिसेकंद लागतात. सर्वांत बारीक तारेचा स्वर सेकंदाला ३२९.६ कंपनांचा, त्याचे एक कंपन ३ मिलिसेकंदांत पुरे होते. स्वर ओळखायला व्यवहारात एक ते दोन पूर्ण कंपने तरी हाती यावी लागतात. शिवाय पिकने तार छेडल्यावर पहिले काही क्षण तिच्यात आघाताचा खरखराट असतो, तो ओसरल्याशिवाय कंपनाचा आकार स्पष्ट होत नाही. त्यामुळे बारीक तारेवर रूपांतरक सात-आठ मिलिसेकंदांत निर्णय देऊ शकतो, तर जाड तारेवर त्याला वीस-पंचवीस लागतात. महागडे यंत्र घेतल्याने खरखराटाचा भाग थोडा लवकर निभावून नेता येतो, पण कंपनाचा कालावधी कोणत्याही कंपनीला कमी करता येत नाही. रोलंडचा जीआर-५०० हा गिटार सिंथेसायझर १९७७ मध्ये बाजारात आला. तेव्हापासून आजपर्यंत यंत्रे पुष्कळ सुधारली, तरी ही मर्यादा तशीच आहे.

माझ्या अनुभवात निव्वळ उशिरापेक्षा असमान उशीर अधिक त्रास देतो. दहा-बारा मिलिसेकंदांचा ठरावीक उशीर हाताच्या सवयीचा होतो. पण तान वरून खाली उतरताना वरचे स्वर वेळेवर आणि खालचे मागाहून येऊ लागले की लय ओढल्यासारखी वाटते, आणि वाजवणाऱ्याला आपलाच हात चुकतो आहे असे वाटू लागते. मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत त्रितालात एक मात्रा २५० मिलिसेकंदांची असते, तिची चौगुण केली तर प्रत्येक स्वराला साधारण ६२ मिलिसेकंद मिळतात. त्यात जाड तारेने पंचवीस खाल्ले, तर स्वराच्या आयुष्याचा जवळजवळ निम्मा भाग संपल्यावर तो ऐकू येतो. विलंबित पदात याच पंचवीस मिलिसेकंदांची कोणाला जाणीवही होणार नाही. म्हणून माझे यंत्र चांगले की वाईट, या प्रश्नाआधी आपण कोणते संगीत कोणत्या तारेवर वाजवतो, हे पाहणे योग्य ठरते.

आता हा उशीर रूपांतरकाच्या पुढे कुठे कुठे साचतो ते पाहू, कारण तुमच्या वर्णनावरून तुमचा मोठा उशीर तिथेच असावा असे मला वाटते. सूचना लॅपटॉपमध्ये पोहोचल्यावर सॉफ्टवेअर आवाज तयार करते आणि तो तुकड्यातुकड्यांनी ऑडिओ इंटरफेसकडे, म्हणजे लॅपटॉपचा आवाज बाहेर काढून देणाऱ्या उपकरणाकडे, पाठवते. या तुकड्याचा आकार म्हणजे बफर. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या गतीने ५१२ नमुन्यांचा बफर ११.६ मिलिसेकंदांचा होतो आणि १२८ नमुन्यांचा २.९ मिलिसेकंदांचा. इंटरफेस व ड्रायव्हर त्यात आपापली भर घालतात. विंडोजवर असाल तर इंटरफेसच्या कंपनीचाच आसिओ हा उशीर कमी ठेवणारा ड्रायव्हर वापरा. इंटरफेस नसेल आणि आवाज लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून घेत असाल, तर आसिओफॉरऑल हा मोफत ड्रायव्हर तात्पुरता चालेल. विंडोजबरोबर मुळात येणारा मायक्रोसॉफ्टचा सिंथ, म्हणजे सूचनांवरून आवाज तयार करणारे सॉफ्टवेअर, मात्र अजिबात वापरू नका, त्याचा उशीर इतका ठळक असतो की चांगला पिकअपसुद्धा त्यापुढे निरुपयोगी वाटू लागतो. ब्लूटूथ हेडफोनचेही तसेच आहे. आवाज ब्लूटूथने नेताना उशीर शंभर मिलिसेकंदांच्या पुढे सहज जातो, म्हणून तालमीतसुद्धा वायरचाच हेडफोन घ्या.

शेवटचा उशीर हवेचा असतो आणि तो बहुतेक जण विसरतात. आवाजाला एक मीटर जायला जवळजवळ ३ मिलिसेकंद लागतात. देवळाच्या मंडपात स्पीकर तुमच्यापासून चार मीटरवर ठेवला असेल तर बारा मिलिसेकंद तिथेच गेले, म्हणजे ५१२ चा बफर लावल्याइतके. स्वतःसाठी छोटा मॉनिटर हाताच्या अंतरावर ठेवला तर एक रुपयाचेही नवे यंत्र न घेता हा भाग नाहीसा होतो.

अंदाजाने बदल करत बसण्यापेक्षा एकदा मोजून घ्यावे. मी जी पद्धत वापरतो तिला काही खर्च येत नाही. मोबाइल गिटारच्या तारांपासून वीतभर अंतरावर ठेवून ध्वनिमुद्रण सुरू करावे, शेजारीच स्पीकर ठेवावा, सॉफ्टवेअरमध्ये पियानोसारखा तत्काळ सुरू होणारा आवाज निवडावा आणि प्रत्येक तार चार-पाच वेळा छेडावी. मुद्रण ऑडासिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडून मोठे करून पाहिले की पिकचा खट्कन झालेला आवाज आणि त्यामागून आलेला पियानो, यांच्यातले अंतर मिलिसेकंदांत वाचता येते. बारीक तारेवरचे अंतर पंधराच्या आत असेल तर तुमची जोडणी ठीक आहे. ते चाळीसच्या वर असेल तर दोष लॅपटॉपच्या बाजूला आहे, पिकअपकडे बोट दाखवू नका. बारीक आणि जाड तारांमधला फरक दहा-पंधराचा असेल, तर तो वर सांगितलेला निसर्गाचा भाग आहे.

या नैसर्गिक भागावरही एक चांगला उपाय आहे. खर्जातले स्वर वाजवायचे असतील तर ते जाड तारेवर वाजवू नका. बारीक तारेकडून मोजलेल्या चौथ्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावरचा स्वर मोकळ्या जाड तारेच्या बरोबर एक सप्तक वर आहे आणि त्याचे कंपन ६ मिलिसेकंदांचे, म्हणजे निम्म्या वेळेचे आहे. तो वाजवा आणि सॉफ्टवेअरमध्ये स्वर बारा अर्धस्वर खाली उतरवण्याची सोय लावा. रूपांतरकाला वरचा स्वर ओळखायचा असल्याने तो लवकर ओळखतो, आणि श्रोत्याला खर्जच ऐकू येतो. मी गेली अनेक वर्षे सगळा खर्ज असाच वाजवतो. याच विचाराने आवाजाची निवडही करावी. सारंगी, व्हायोलिनचा समूह, तानपुऱ्यासारखा भरणा यांचा आरंभ मुळातच हळुवार असतो, त्यांत वीस मिलिसेकंद लपून जातात. संतूर किंवा पियानो यांचा आरंभ धारदार असल्याने त्यांत तोच उशीर उघडा पडतो. पेटीचा आवाज या दोहोंच्या मध्ये येतो, पण मूळ पेटीवाला शेजारीच बसलेला असताना गिटारवरून पेटी वाजवण्याचा मोह मी तरी टाळतो.

दुसरी तक्रार न वाजवलेल्या स्वरांची. रूपांतरक तारेला ऐकून अंदाज करतो हे लक्षात घेतले की याची कारणे आपोआप सुचू लागतात. तुम्ही तिसरी तार छेडली की शेजारच्या मोकळ्या ताराही किंचित थरथरतात. त्या थरथरीला रूपांतरक स्वर समजला की तुम्हाला भुताचा स्वर ऐकू येतो. बोट पडद्यावरून उचलताना तार पुन्हा किंचित छेडली जाते, हे दुसरे कारण. स्वर विरत असताना कंपन अनियमित होते आणि त्यातून एक सप्तक वरचा स्वर क्षणभर उमटतो, हे तिसरे.

उपाय याच क्रमाने करावा. सर्वप्रथम पिकअपची उंची तपासा. शेवटच्या पडद्यावर तार दाबली असता चुंबकीय पिकअप आणि तार यांच्यात साधारण १ मिलिमीटर अंतर असावे, आणि हे सहाही तारांसाठी पाहावे. त्यानंतर रूपांतरकातली प्रत्येक तारेची संवेदनशीलता वेगवेगळी लावा. तुम्ही जितक्या जोराने वाजवता तितक्याच जोराने एकेक तार छेडून, दर्शक वरच्या टोकाला टेकेल न टेकेल इतपत ती ठेवायची. बहुतेक जण सहाही तारांना कारखान्यातून आलेला एकच आकडा ठेवून देतात, आणि निम्मे भुताचे स्वर तिथूनच येतात. गिटारच्या डोक्याकडच्या पहिल्या पडद्यालगत मऊ कापडाची पट्टी सैलसर गुंडाळली तर मोकळ्या तारांची थरथर मरते. एकेका स्वराची चाल वाजवताना मी ती पट्टी नेहमी ठेवतो, फक्त मोकळ्या तारांचे स्वरमेळ हवे असतील तेव्हा ती सरकवतो.

तारांविषयी थोडे अधिक लिहितो, कारण गोव्यात हा मुद्दा अन्य ठिकाणांपेक्षा महत्त्वाचा आहे. आपल्याकडच्या खाऱ्या आणि दमट हवेत पोलादी तार लवकर गंजते. गंज सगळीकडे सारखा चढत नाही, त्यामुळे तारेची जाडी जागोजागी बदलते आणि तिच्या मूळ स्वराबरोबर उमटणारे वरचे सूक्ष्म स्वर बेसूर होतात. कानाला अशी तार फक्त थोडी मंद वाटते, पण कंपन मोजणाऱ्या रूपांतरकाचा मात्र पूर्ण गोंधळ उडतो. पावसाळ्यात मी महिन्याला तारा बदलतो, वाजवून झाल्यावर कोरड्या कापडाने प्रत्येक तार खालून-वरून पुसतो, आणि गिटारच्या पेटीत ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी ठेवतो. तुमच्या तक्रारी श्रावणात वाढल्या असे तुम्ही लिहिले आहे, त्याचे कारण मला यातच दिसते.

सॉफ्टवेअरमध्येही एक गाळणी लावता येते. ठरावीक जोरापेक्षा हलके स्वर, समजा व्हेलॉसिटी २० च्या खालचे, आणि गिटारवर शक्यच नसलेले स्वर, म्हणजे ४० च्या खालचे व २२ पडद्यांच्या गिटारवर ८६ च्या वरचे, ते सगळे अडवावेत. रीपर, क्युबेस, लॉजिक, एबलटन लाइव्ह अशा ध्वनिमुद्रणाच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये याची सोय आहे. अगदी आखूड स्वर गाळण्याचा सल्लाही काही जण देतात, पण प्रत्यक्ष वाजवताना तो उपयोगाचा नाही. स्वर आखूड आहे की लांब, हे तो संपल्याशिवाय कळत नाही, आणि तोवर थांबायचे म्हणजे पुन्हा उशीर वाढवायचा. ध्वनिमुद्रण झाल्यावर सफाई करताना मात्र तीच गाळणी उत्तम काम देते.

आता मींडीकडे येतो. तुमच्या प्रश्नातला हा भाग मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो, कारण आपल्या नाट्यपदाच्या साथीत मींड नसेल तर बासरीचा आवाज लावून उपयोग काय? मिडीमध्ये स्वर सरकवण्यासाठी पिच बेंड नावाची वेगळी सूचना आहे आणि तिच्यात १६,३८४ सूक्ष्म पायऱ्या असतात, म्हणजे कानाला त्या पायऱ्या ऐकू येण्याचे कारण नाही. तरीही त्या तुम्हाला ऐकू येतात, त्याची तीन कारणे असू शकतात.

पहिले, रूपांतरक अर्धस्वरी पद्धतीवर ठेवलेला असेल. पियानो वाजवताना ती योग्य असते. तार कितीही खेचली तरी रूपांतरक जवळच्या अर्धस्वराचाच क्रमांक पाठवतो आणि मींडीचा जिना होतो. ती पद्धत बंद करून सलग पिच बेंड सुरू करा.

दुसरे, सगळ्या तारा एकाच मिडी चॅनेलवर जात असतील. पिच बेंड पूर्ण चॅनेलला लागू होतो. त्यामुळे एका तारेवर मींड घेताना दुसऱ्या तारेचा धरलेला षड्जही सोबत सरकतो. हे टाळण्यासाठी रूपांतरक आपोआप बेंड दाबून ठेवतो किंवा स्वर नव्याने सुरू करतो. मिडीचे १६ चॅनेल आहेत, त्यांतला एकेक चॅनेल प्रत्येक तारेला द्या. या पद्धतीला रूपांतरकात मोनो मोड म्हणतात. रीपरमध्ये प्रत्येक ट्रॅकला एक चॅनेल नेमून देता येतो, आणि कॉन्टॅक्टसारख्या प्लगइनमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या आत बसवायच्या वाद्यांच्या जोडसॉफ्टवेअरमध्ये, तेच वाद्य सहा वेळा उघडून प्रत्येकाला आपापला चॅनेल देता येतो. प्लगइन एमपीई मानणारे असेल तर हे काम आणखी सोपे होते. ही पद्धत २०१८ मध्ये अधिकृत झाली, आणि तिच्यात प्रत्येक स्वराला स्वतंत्र चॅनेल देण्याची व्यवस्था मुळातच आहे. एबलटन लाइव्हमध्ये ती ११ व्या आवृत्तीपासून मिळते.

तिसरे आणि सर्वांत जास्त आढळणारे कारण म्हणजे बेंडची मर्यादा दोन्हीकडे वेगळी असणे. पिच बेंडची सूचना किती अर्धस्वर असे सांगत नाही, पूर्ण मर्यादेचा कितवा भाग एवढेच सांगते. रूपांतरकाची मर्यादा १२ अर्धस्वरांची आणि सॉफ्टवेअरमधल्या बासरीची नेहमीप्रमाणे २ ची असेल तर काय होते ते पाहा. तुम्ही षड्जावरून शुद्ध गंधारापर्यंत गेलात, म्हणजे चार अर्धस्वर. रूपांतरक मर्यादेचा एक तृतीयांश इतका बेंड पाठवतो. बासरी दोनाचा एक तृतीयांश सरकते, म्हणजे अर्धस्वराच्या दोन तृतीयांश एवढीच, आणि कोमल रिषभसुद्धा गाठत नाही. पुढे कधीतरी रूपांतरक स्वर नव्याने सुरू करतो तेव्हा बासरी धक्का मारून योग्य जागी उडी घेते. तुम्ही ज्याला पायऱ्या म्हणता, त्या बहुधा याच उड्या असाव्यात. दोन्हीकडे एकच आकडा ठेवा. मी १२ ठेवतो. बासरीचे प्लगइन २ च्या पुढे जाऊ देत नसेल तर मींडीसाठी ते प्लगइन बदलणे हाच मार्ग आहे.

एवढे करूनही गिटारवरची मींड दोन प्रकारची राहते, हे ध्यानात घ्यावे. तार आडवी खेचून घेतलेली मींड खरोखर सलग असते, पण ती दोन-तीन अर्धस्वरांपलीकडे जात नाही. बोट पडद्यांवरून सरकवत घेतलेल्या मींडीत पडद्यांच्या पायऱ्या खऱ्याच असतात, रूपांतरक त्या प्रामाणिकपणे कळवतो. अशा ठिकाणी प्लगइनमध्ये एका वेळी एकच स्वर वाजण्याची सोय लावून ४० ते ६० मिलिसेकंदांचा ग्लाइड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकण्याचा वेळ, द्यावा, म्हणजे पायऱ्यांच्या कडा विरघळतात. सारंगीला हे फार शोभते.

नाटकाच्या साथीत याच संदर्भात आणखी एक अडचण येते. गायक नटाची पट्टी काळी एक किंवा पांढरी चार असली तर स्वर वर-खाली करण्याचे काम सॉफ्टवेअर करते. पण नाटक कंपनीची पेटी जुनी असेल तर तिचा आधारसूर नेहमीच्या सेकंदाला ४४० कंपनांचाच असेल असे नाही. तो ४४५ ला असला तर फरक सुमारे २० सेंटचा, म्हणजे अर्धस्वराच्या पाचव्या भागाइतका पडतो, आणि तो कानाला टोचतो. अशा वेळी गिटार पेटीला मिळवून घेऊ नका. तसे केल्यास रूपांतरक प्रत्येक तार चढलेली समजून सतत थोडा बेंड पाठवत राहील. गिटार ४४० लाच ठेवा आणि प्लगइनचा मूळ सूर २० सेंट चढवा. गिटारचा स्वतःचा आवाजही सोबत ऐकवायचा असेल तरच गिटार पेटीला मिळवावी, आणि तो नवा आधारस्वर रूपांतरकालाही सांगावा.

स्वर वेळेवर आला, स्वच्छ आला, मींडही जुळली, तरी बासरी बासरीसारखी वाटायला एक गोष्ट राहते. गिटारचा स्वर जन्मतः मोठा असतो आणि विरत जातो, बासरीचा स्वर फुंकर असेपर्यंत टिकतो आणि मध्ये फुगतो. मिडीतली व्हेलॉसिटी फक्त आरंभाचा जोर सांगते, पुढच्या फुंकरीविषयी तिला काही कळत नाही. त्यासाठी पायाखाली एक्स्प्रेशन पेडल घ्या आणि ते ११ व्या कंट्रोलरला, म्हणजे स्वराचा जोर वाजत असताना कमी-जास्त करणाऱ्या मिडी सूचनेला, जोडा. स्वर छेडताना पाय थोडा मागे, मग हळू पुढे, आणि स्वर सोडण्याआधी पुन्हा मागे. हा पाय बसायला मला दोन-तीन महिने लागले होते. पण नवे यंत्र घेऊन जितका फरक पडला नसता तितका या एका पेडलने पडतो, असे मी खात्रीने सांगतो. स्वर संपवतानाही तार आपोआप विरू न देता बोटाने थांबवावी, म्हणजे विरतानाचे भुताचे स्वर टळतात.

आता बटणांच्या गिटारविषयी. या जातीची वाद्ये कंपन ऐकत नाहीत, बोट कुठे आहे हे स्विचवरून जाणतात. म्हणून त्यांना जाड-बारीक असा भेद नाही आणि उशीर जवळजवळ नाही. १९८७ ची कॅसिओ डीजी-२० या जातीची होती. १९८० च्या दशकातला सिंथॅक्स हा तिचा फार वरचा अवतार, तो अ‍ॅलन होल्ड्सवर्थ यांनी मैफलींत आणि ध्वनिमुद्रणांत वाजवला. २०१० मध्ये रॉक बँड ३ या व्हिडिओ गेमसाठी आलेल्या फेंडर मस्टँग कंट्रोलरला १७ पडद्यांवर मिळून १०२ बटणे आणि मिडीचे भोक होते, त्यामुळे खेळ मागे पडल्यावरही काही वादकांनी ती ठेवून दिली. तुम्हाला देऊ केलेली गिटार अशी असेल तर स्वरमेळ, झपताल-त्रितालातली लयदार साथ आणि घरी स्वरलेखनासाठी मुद्रण, या कामांना ती चांगली आहे. पण बटण आडवे खेचता येत नाही. बेंडसाठी दांडा किंवा चाक असले तरी मींड, कण आणि आंदोलन बोटातून येणार नाहीत. तुमचे काम नाट्यपदाच्या साथीचे आहे, म्हणून मी ती पिकअपच्या जागी घेणार नाही. पाच रंगीत बटणांची खेळातली गिटार असेल तर ती मिडी वाद्यच नव्हे. तिच्या बटणांचे मिडीत रूपांतर करणारी सॉफ्टवेअर मिळतात, मात्र मंचावर तिचा उपयोग फारसा नाही.

जॅम ओरिजिनच्या मिडी गिटारसारखी सॉफ्टवेअर साध्या पिकअपचा आवाज ऐकूनच अनेक स्वर ओळखतात. सहा तारांचा पिकअप नसलेल्यांनी ते आधी अजमावून पाहावे. तुमच्याकडे तो आधीच आहे.

मंचावरच्या एका प्रसंगाने मला जे शिकवले ते तुमच्या कामी येईल. सत्तरी तालुक्यातल्या एका देवळाच्या उत्सवात पदाच्या आलापीत माझी मींड अर्ध्यावर असतानाच यूएसबीची वायर हलली आणि संबंध क्षणभर तुटला. पुन्हा जोडला गेल्यावर बेंड होता तिथेच अडकून राहिला आणि पुढचे पूर्ण कडवे माझी सारंगी पाऊण स्वर चढी वाजत राहिली. नटाने पद निभावून नेले, तरी त्याच्या चेहऱ्यावरचा त्रास मी विसरलेलो नाही. तेव्हापासून पायाजवळच्या एका स्विचवर मी सर्व स्वर बंद करण्याची आणि सर्व कंट्रोलर मूळ स्थितीला आणण्याची सूचना बांधून ठेवली आहे. त्या अनुक्रमे १२३ आणि १२१ क्रमांकांच्या आहेत, आणि मोनो मोडमध्ये त्या सहाही चॅनेलांना पाठवाव्या लागतात. वायर गिटारच्या पट्ट्याला वळसा देऊन बांधतो. लॅपटॉपचे वायफाय, नोटिफिकेशन आणि वीज वाचवण्याची सोय प्रयोगाआधी बंद करतो. मंडपातल्या वायरिंगमुळे चार्जर लावल्यावर घरघर येत असेल तर लॅपटॉप बॅटरीवर चालवावा, किंवा इंटरफेस आणि मिक्सर यांच्यामध्ये ग्राउंड लिफ्टची, म्हणजे आवाजाच्या वायरीतला ग्राउंडचा दुवा तोडण्याची, कळ असलेला डीआय बॉक्स (वाद्य मिक्सरला जोडण्याची छोटी पेटी) घ्यावा. घरघर घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढणारे मी पाहिले आहेत. पावसाळ्यात ओल्या मंडपात, हातात पोलादी तारा असताना असे करणे जिवावर बेतू शकते, तेव्हा ते कदापि करू नका.

पुढच्या आठवड्यात तुम्ही आधी तारा बदलून पिकअपची उंची लावा, मग मोबाइलने उशीर मोजा, त्यानंतर दोन्हीकडची बेंडची मर्यादा १२ करून मोनो मोड सुरू करा. प्रत्येक बदलानंतर तेच एक पद वाजवून पाहा, दोन बदल एकदम करू नका, म्हणजे कशाने काय झाले ते कळेल. पहिल्या दोन-तीन प्रयोगांत ही बासरी-सारंगी प्रवेशांमधल्या पार्श्वसंगीतापुरतीच ठेवा आणि पदांना नेहमीची गिटारच वाजवा. गिटारची साधी वायर मिक्सरच्या दुसऱ्या चॅनेलला जोडलेली असू द्या, म्हणजे लॅपटॉप थांबला तरी नटाला सूर मिळत राहील. मोजलेले आकडे आणि रूपांतरकाचे नाव कळवलेत तर प्रत्येक तारेची संवेदनशीलता कशी लावावी ते मी त्याप्रमाणे सांगेन.